चेक बाऊन्सच्या अपिलात सेशन कोर्टाने २० टक्के भरायला सांगितलंय? हायकोर्टात जायचं कसं

आधीच सांगतो, मी वकील नाही. वकिलांच्या ऑफिसात फायली बांधणारा, नकला काढणारा, रोज संध्याकाळी उद्याचा बोर्ड (कोर्टातल्या उद्याच्या केसेसची यादी) बघून सरांना फोन करणारा माणूस आहे. पण चेकच्या केसेस इतक्या हातातून गेल्यात की आता पक्षकार दारात दिसला की चेहऱ्यावरूनच कळतं, हा २० टक्क्यांवाला आहे. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. तुमच्या केसला नेमकं काय लागू होतं ते तुमच्या वकिलांना विचाराच, पण त्यांच्याकडे जाताना निदान काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं एवढं तरी माहीत असू दे.

मागच्या वर्षी एक जण आला, मोबाईलवर ऑर्डरचा फोटो. मॅजिस्ट्रेट कोर्टाने शिक्षा दिलेली, सहा महिने आणि ९ लाख नुकसानभरपाई, चेक होता ६ लाखांचा. सेशनला अपील केलं, शिक्षा स्थगित झाली, आणि ऑर्डरच्या शेवटी एक ओळ, भरपाईच्या २० टक्के रक्कम ६० दिवसांत जमा करावी. ऑर्डर ३ जूनची. हा आला २५ जुलैला, म्हणजे ५२ वा दिवस, आणि एकदम निवांत, कारण त्याला नक्कल मिळाली १४ जूनला आणि तो तिथून ६० मोजत होता, १३ ऑगस्टपर्यंत वेळ आहे म्हणे. नाही हो, दिवस ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात. मुदत संपत होती २ ऑगस्टला. आठ दिवस हातात, आणि पैसे तर नाहीतच. शिवाय तो ६ लाखांचे २० टक्के धरून चालला होता, १ लाख २० हजार. तेही चुकीचं, ऑर्डर भरपाईवर आहे, म्हणजे ९ लाखांचे २० टक्के, १ लाख ८० हजार.

तर पहिलं काम हेच, ऑर्डर नीट वाचा आणि तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

हे २० टक्के येतात कुठून तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १४८ मधून. १ सप्टेंबर २०१८ पासून हे कलम आलं. चेकच्या केसमध्ये शिक्षा झालेल्या चेक देणाऱ्याने अपील केलं की अपील कोर्ट त्याला दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकतं, मुदत ६० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवसांपर्यंत. किमान म्हटलंय, म्हणजे कोर्ट जास्तही सांगू शकतं. आणि खालच्या कोर्टात केस चालू असताना कलम १४३अ खाली अंतरिम भरपाई भरली असेल तर ती यातून वजा होत नाही, हे त्याच्या वरचं. हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो आणि उत्तर ऐकून तोंड पाडतो, पण कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

आता मुद्द्याचं. हे २० टक्के प्रत्येक वेळी लावलेच पाहिजेत का? २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा सुरिंदर सिंग देसवालचा निकाल आला, त्यात म्हटलं की कलमात इंग्रजी शब्द 'मे' (करू शकतं) असला तरी सर्वसाधारणपणे तो 'शॅल' (करायलाच हवं) समजायचा, म्हणजे भरायला लावणं हा नियम, न लावणं हा अपवाद, आणि अपवाद केला तर त्याची खास कारणं लिहायची. हाच निकाल असंही म्हणतो की २०१८ च्या आधी दाखल झालेल्या तक्रारींनाही हे लागू. त्यानंतर बऱ्याच सेशन कोर्टांत हा छापील साचाच झाला, अर्ज मंजूर, २० टक्के भरा, पुढची तारीख. मग ४ सप्टेंबर २०२३ ला जांबू भंडारीचा निकाल आला आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं डोळे झाकून लावायचं नाही, केस अपवादात बसते का हे अपील कोर्टाने बघायचं. डिसेंबर २०२४ मध्ये मुस्कान एंटरप्रायझेसच्या निकालात पुन्हा तेच, कोर्टाला विवेकाधिकार आहे.

जांबू भंडारीमधली एक गोष्ट फार उपयोगाची आहे आणि ती बरेच जण विसरतात. समजा सेशनला तुम्ही 'आम्हाला २० टक्क्यांतून सूट द्या' असं वेगळं मागितलंच नव्हतं. समोरचे वकील हायकोर्टात हमखास म्हणतात की खाली मागितलं नाही, आता कसं मागता. त्यावर उत्तर या निकालातच आहे, शिक्षा स्थगित करा असा अर्ज करणारा माणूस साधारणपणे बिनशर्तच मागत असतो, त्यामुळे केस अपवादात बसते का हे कोर्टाने बघायलाच हवं होतं. हा परिच्छेद पिटिशनमध्ये घालायला सांगा.

म्हणजे हायकोर्टात तुमची लढाई असते ती दोन गोष्टींवर. सेशन कोर्टाने कारणं लिहिली आहेत का, आणि तुमची केस खरंच अपवादात बसते का. नुसतं 'साहेब पैसे नाहीत' म्हणून गेलात तर, मी आजवर बघितलंय त्यावरून सांगतो, दोन मिनिटांत बाहेर याल.

अपवाद म्हणजे काय याची यादी कायद्यात नाही. पण फाईल उघडून या गोष्टी शोधा:

- चेकवर सही कुणाची आणि खातं कुणाचं? कंपनीचा चेक आणि तुम्ही फक्त सही करणारे डायरेक्टर असाल तर तुम्ही कायद्याच्या अर्थाने 'ड्रॉवर', म्हणजे चेक देणारे, नाही. मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये हे धरलं आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने १४३अ च्या संदर्भात ते कायम केलं. कलम १४८ मध्येही शब्द तोच आहे, ड्रॉवर. हा मुद्दा असेल तर तो पहिल्या नंबरवर घ्या, बाकी सगळं नंतर.
- तारखा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यापासून एक महिन्यात तक्रार. यातली एखादी तारीख चुकली असेल आणि मॅजिस्ट्रेटने ती बघितलीच नसेल तर शिक्षेलाच तडा आहे.
- पैसे आधीच परत केल्याचा बँकेचा पुरावा रेकॉर्डवर आहे पण निकालात त्याचा साधा उल्लेखही नाही.
- आर्थिक परिस्थिती खरोखर बिकट आहे. चालेल, पण कागदासकट. तीन वर्षांचे रिटर्न, बँक स्टेटमेंट, हॉस्पिटलची बिलं, नोकरी गेल्याचं पत्र. आणि हा शेवटचा मुद्दा ठेवा, पहिला नाही.

घड्याळाचं आता नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच मार खातात. हायकोर्टात पिटिशन टाकली म्हणजे मुदत थांबली असं अजिबात होत नाही. स्टे मिळाला तरच थांबते. पिटिशन नंबरात आली, बोर्डावर यायला पंधरा दिवस लागले, तोवर ६० वा दिवस उलटला तर तिकडे सेशन कोर्टात फिर्यादीचा वकील अर्ज घेऊन उभाच असतो की अट पाळली नाही, शिक्षेची स्थगिती उठवा. आणि कोर्ट उठवू शकतं, २०२० मध्ये देसवालच्याच दुसऱ्या निकालात सुप्रीम कोर्टाने याला मान्यता दिलीय. मग वॉरंट. म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी हालचाल करायची. सेशनला मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज द्या, कारण लिहून, कागद जोडून, आणि हायकोर्टात पिटिशन फाईल झाली की त्याच दिवशी तिचा स्टॅम्प नंबर (फायलिंगला पडणारा पहिला, कच्चा नंबर) लिहून सेशनच्या फायलीत पुरसिस, म्हणजे कोर्टाला माहिती देणारा लेखी कागद, टाका. पुरसिसने स्टे मिळत नाही हे खरं, पण रोजनाम्यात, म्हणजे केसच्या तारीखवार नोंदीत, नोंद राहते की हा माणूस झोपलेला नव्हता.

एक दिलासा मात्र आहे. पैसे भरले नाहीत म्हणून अपीलच फेटाळलं जाईल अशी भीती लोकांना असते. कलम १४८ मध्ये तसं कुठेच लिहिलेलं नाही. धोक्यात येते ती शिक्षेची स्थगिती, म्हणजे जेलबाहेर राहणं. अपील ऐकून घेण्याचा हक्क तसाच राहतो.

आता कागद. नक्कल शाखेत अर्ज आजच टाका, तातडीची नक्कल मागा. लागतं ते असं: मॅजिस्ट्रेटच्या निकालाची नक्कल, सेशनच्या त्या ऑर्डरची नक्कल, अपील मेमोची प्रत, शिक्षा स्थगितीचा तुमचा अर्ज (आपल्याकडे फायलीत त्यावर निशाणीचा (एक्झिबिटचा) नंबर असतो, तो लिहून घ्या, नाहीतर नक्कल शाखेतला माणूस तुम्हाला परत पाठवणार म्हणजे पाठवणार), त्यावर फिर्यादीचं म्हणणं, रोजनामा. शिवाय मूळ तक्रार, नोटीस, चेकची आणि बँकेच्या मेमोची प्रत, उलटतपासाची पानं. सीएनआर नंबर, म्हणजे केसचा तो सोळा अक्षर-अंकांचा ओळख नंबर, फोनमध्ये सेव्ह करा. सेशनची ऑर्डर ई-कोर्ट्सच्या साइटवर अपलोड झाली असेल तर ती डाऊनलोड करून वकिलांना लगेच पाठवा, ड्राफ्ट त्यावर सुरू होतो, सर्टिफाइड नक्कल मागाहून येते.

मराठीतले कागद असतील तर हायकोर्टासाठी इंग्रजी भाषांतर लागतं. याला वेळ जातो, पैसे जातात, आणि हे कुणी आधी सांगत नाही. आमच्याकडे एकदा उलटतपासाच्या चाळीस पानांचं भाषांतर शेवटच्या रात्री करावं लागलं होतं, टाईप करणाऱ्या मुलाने 'हातउसने' हा शब्द असा काही उतरवला होता की सरांनी सकाळी वाचून कपाळाला हात लावला. तुमच्या केसमध्ये जे चार-पाच कागद जीव की प्राण आहेत तेवढे आधी करून घ्या.

पिटिशन कुठली टाकायची हा वकिलांचा प्रांत, पण नावं माहीत असू देत. सेशनच्या या ऑर्डरविरुद्ध रिव्हिजन (ऑर्डर वरच्या कोर्टाने तपासावी असा अर्ज) टाकायला गेलं की हरकत येते, ही इंटरलोक्युटरी म्हणजे मधल्या टप्प्यावरची ऑर्डर आहे, आणि अशा ऑर्डरला रिव्हिजन चालत नाही, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम ४३८(२). म्हणून सहसा त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली, म्हणजे जुन्या क्रिमिनल प्रोसिजर कोडचं ४८२, किंवा घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली, किंवा दोन्ही लावून जातात. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून आहे. त्या तारखेला आधीपासून प्रलंबित असलेलं अपील जुन्या कोडप्रमाणेच चालतं, त्यामुळे कलमांचे नंबर टाकताना गोंधळ करू नका. शिक्षा स्थगितीचं जुनं कलम ३८९, नवं ४३०. पार्टी म्हणून फिर्यादी आणि महाराष्ट्र शासन, दोघांनाही घ्यायचं, शासन राहिलं की ऑब्जेक्शन आलंच.

कुठल्या बेंचला? नागपूर विदर्भासाठी. छत्रपती संभाजीनगर मराठवाड्यासाठी, वर जळगाव, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगरही तिकडेच. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यात कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. या सहा जिल्ह्यांतल्या लोकांचा मुंबईचा एसटी-रेल्वेचा आणि लॉजचा खर्च वाचला, खरंच मोठी गोष्ट आहे. पुणे, ठाणे, नाशिक, रायगड वगैरे अजून मुंबईलाच.

पिटिशनमध्ये काय मागायचं ते तीन थरांत मागा. पहिलं, २० टक्क्यांची अट रद्द करा. दुसरं, ते नाही तर ऑर्डर बाजूला ठेवून सेशन कोर्टाला पुन्हा, कारणांसहित, विचार करायला सांगा. तिसरं, तोवर म्हणजे या पिटिशनचा निकाल लागेपर्यंत त्या अटीला स्टे द्या आणि पैसे भरले नाहीत म्हणून स्थगिती उठवू नये असा आदेश द्या. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पहिलं-दुसरं मिळेपर्यंत तुम्ही बाहेर असायला हवं. ऑर्डर कारणांशिवाय असेल तर माझ्या अनुभवात दुसरं मिळण्याची शक्यता जास्त, कोर्ट म्हणतं जा परत, त्यांना विचार करू दे. हे ऐकून पक्षकार नाराज होतात, मला वाटतं नाराज होण्यासारखं काही नाही, परत गेल्यावर तुम्हाला तुमची बाजू कागदासकट मांडायला मिळते, जी पहिल्यांदा कुणी मांडलीच नव्हती.

फायलिंग झालं की आधी स्टॅम्प नंबर पडतो, मग ऑफिस ऑब्जेक्शनं निघतात. पान १७ अस्पष्ट, वकालतनाम्यावर तारीख नाही, अनुक्रमणिकेत नंबर जुळत नाही असली. हसू नका, या फालतू वाटणाऱ्या गोष्टींनी आठवडा खाल्लेला मी बघितलाय. ऑब्जेक्शन काढल्यावर पक्का नंबर येतो. तातडी असेल तर वकील प्रेसिपी देतात, म्हणजे लवकर बोर्डावर घ्या म्हणून कारण लिहिलेला कागद. त्यात गोल गोल लिहायचं नाही, सरळ लिहायचं की मुदत २ ऑगस्टला संपतेय आणि सेशनला पुढची तारीख ४ ऑगस्ट आहे, संपलं. तारीख दिसली की काम होतं.

सुनावणीच्या दिवशी तुम्ही गेलंच पाहिजे असं नाही, पण फोन चालू ठेवा. कारण जज साहेब वकिलांना जवळपास नेहमी एक प्रश्न विचारतात, किती भरायला तयार आहात? आणि वकील मागे बघतात, आणि मागे कुणी नसतं. हा आकडा आदल्या रात्री ठरवून वकिलांना सांगून ठेवा. वर सांगितलेल्या त्या ९ लाखवाल्याने ५० हजार लगेच भरतो म्हणून सांगितलं होतं, बहिणीकडून घेतले होते बिचाऱ्याने. नोटीस निघाली आणि ५० हजार आठवड्यात भरण्याच्या अटीवर बाकीच्याला स्टे मिळाला. काहीच भरत नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण प्रामाणिकपणा दिसतो हे खरं. अर्थात तुमचा मुद्दा ड्रॉवर नसण्याचा असेल तर मात्र आकडा देऊ नका, 'मला लागूच नाही' आणि 'थोडे भरतो' या दोन गोष्टी एका तोंडात शोभत नाहीत.

काहींचा प्रॉब्लेम २० टक्क्यांचा नसतोच, जामिनाचा असतो. शिक्षा स्थगित केली पण जातमुचलका आणि जामीनदार एवढ्या रकमेचा मागितला की सॉल्व्हन्सी देणारा, म्हणजे तेवढी ऐपत कागदावर दाखवणारा, माणूसच मिळत नाही. तिथे कलम १४८ चा काही संबंध नाही. बॉन्डची रक्कम परिस्थिती बघून ठरवायची आणि ती अवाजवी नसावी असं नव्या संहितेच्या कलम ४८४ मध्ये आहे, जुनं ४४०, आणि ती कमी करायचा अधिकार हायकोर्टाला आहे. पण आधी सेशनलाच साधा अर्ज देऊन बघा, रक्कम कमी करा किंवा तात्पुरती कॅश सिक्युरिटी घ्या म्हणून. निम्म्या केसेस तिथेच मिटतात, उगाच हायकोर्टाचा खर्च कशाला. आणि दिवाणी पैशाच्या डिक्रीवरचं अपील असेल तर तो रस्ताच वेगळा, दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ४१ रूल ५, तिथे सिक्युरिटी दिल्याशिवाय स्टे मिळणं अवघड, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

वकिलांची फी परवडत नसेल तर हायकोर्टाची विधी सेवा समिती आहे. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेला माणूस, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. पण अर्ज आणि वकील नेमणूक यात दिवस जातात, ५५ व्या दिवशी तिकडे जाऊ नका.

मधे तडजोडीचं बोलणं झालं तर नाही म्हणू नका. मिटवताना अपिलाच्या टप्प्यावर चेकच्या रकमेवर कॉस्ट लागते, २०१० च्या निकालाप्रमाणे ती १५ टक्के होती, सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सेशन आणि हायकोर्टासाठी ती साडेसात केली. हिशोब करून बघा, कधी कधी भांडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

हायकोर्टाची ऑर्डर झाली की ती अपलोड होण्याची वाट बघत बसू नका, वकिलांना सांगून त्याच दिवशी सेशनला पुरसिस द्या, प्रत आली की जोडा. फिर्यादीच्या वकिलांनाही एक प्रत पाठवा. हायकोर्टाने नाहीच ऐकलं तर पुढे सुप्रीम कोर्ट आहे, स्पेशल लीव्ह पिटिशन, ९० दिवसांत, पण तोवर खालची मुदत परत डोक्यावर येते, त्यामुळे हायकोर्टात हरताना तिथल्या तिथे तोंडी मागणी करायला लावा की निदान भरायला चार आठवडे द्या.

आणि जे काही भराल ते सेशन कोर्टाच्या नाझर ऑफिसात (कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या शाखेत) चलनाने, पावती घेऊन. ही रक्कम अपील चालू असतानाच फिर्यादीला द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं, मग अपिलात तुम्ही सुटलात तर फिर्यादीला ती रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटने व्याजासकट ६० दिवसांत परत करावी लागते, जास्तीत जास्त आणखी ३० दिवस. तेव्हा पहिला प्रश्न येतो की भरले कधी आणि किती, आणि मशीनवरच्या त्या पावतीची शाई दोन वर्षांत उडालेली असते. घरी आल्या आल्या दोन झेरॉक्स मारा, एक फायलीत, एक घरी, फोटो तिसरा.